सदतिसाव्या पानावरचे आकडे

प्रिय ठकू,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आधी तुमचं सांग. तुझा खोकला गेला का, की अजून पार्सलच्या खिडकीवर बसून गिऱ्हाइकांच्या तोंडावर खोकतेस? जावईबापूंच्या कमरेचं काय? त्यांना म्हणावं, कपाट एकट्याने सरकवण्याचं वय कुठलंच नसतं, विशीतलंसुद्धा नाही. विहीणबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. थेंब वेळेवर घालतात ना? आणि आमची छोटी? तिला पहिला दात आल्याचं आईने तीन शेजारणींना सांगून झालंय. तिला म्हणावं, तुझा एक आला तेव्हा आजोबांचा एक गेला, घरातला हिशेब सारखाच राहिला. आईचे गुडघे यंदाच्या थंडीत बरेच बरे आहेत. त्याचं कारण ऐकशील तर हसशील, पण ते पुढे. मी ठणठणीत आहे. दुकान हल्ली अर्धा दिवसच उघडतो. मोटरी येतात, त्यांच्या जळालेल्या तारेच्या गुंडाळ्या भरतो, दुपारी घरी येतो.

तू आईला कळवलंस ते मला समजलं. त्या मोठ्या संगणकांच्या खोलीत, जिथे रांगेने शंभर ग्राफिक्स कार्डं दिवसरात्र चालतात, तिथे तुला देखभालीसाठी बोलावलंय, आणि या महिनाअखेर तू नकार कळवणार आहेस. घरातलं एक कार्ड माझ्या हातून मेलं, तिथली शंभर काय सांभाळणार, असं तू म्हणालीस म्हणे. आईने ते मला सांगितलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी न पिताच खाली ठेवला. फोन उचलला आणि परत ठेवला. फोनवर मी फार तर जेवलीस का एवढंच विचारतो, हे तुला माहीतच आहे. म्हणून हे पत्र. नकाराचं शेवटी बोलू. आधी माझा एक उद्योग ऐक.

दुसऱ्याच दिवशी मी माळ्यावर चढलो आणि त्या मेलेल्या कार्डाचं तुझं यंत्र खाली काढलं. आईने शिडी धरली होती आणि सोबत शेलकी विशेषणंही सोडत होती. तुझ्या खोलीत, खिडकीखालच्या त्याच टेबलावर ते ठेवलं. खोक्यात तळाशी तुझी निळी वही निघाली. खरं सांगतो ठकू, तू घरी असताना त्या वहीकडे मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पोरगी पडद्यासमोर बसून आकडे खरडते, एवढंच मला दिसायचं. आता चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसलो. चार दिवस लागले. कळलं त्यातलं निम्मंच, पण जे कळलं त्याने तोंडात बोट घालायची वेळ आली.

तू एकदा मला समजावून सांगत होतीस आणि मी पेपर वाचत होतो, आठवतं? आता ते माझ्या भाषेत असं बसलंय. नेटवरच्या त्या आभासी नाण्यांचं जगात कुठेतरी एक कुलूप आहे, त्याची किल्ली कोणाकडेच नाही, आणि आपलं हे वीतभर कार्ड सेकंदाला सहा कोटी किल्ल्या लावून बघतं. सहा कोटी! मी आयुष्यात सगळ्या मोटरींना मिळून किती वेढे घातले असतील, ते एकदा बसून मोजले. पन्नास वर्षांचे वेढे या कार्डाने एका सेकंदात, अर्ध्यावर न येताच, मागे टाकले. आणि आवाज केवढा? झोपलेल्या मांजराएवढा. त्या दिवशी मी बराच वेळ त्याच्याकडे नुसता बघत बसलो. देवळात गेल्यावर माणूस उगीच हळू बोलतो ना, तसं मी आईशी हळू बोलत होतो. ती म्हणाली, कानाला काही झालंय का तुमच्या.

त्याहून मोठा धक्का दहाव्या पानावर बसला. तिथे तू लिहिलंयस, व्होल्टेज उतरवलं, काम तेवढंच, गरमी कमी. ते वाचून मला आपलं भांडण आठवलं. तेव्हा मी तुला म्हणालो होतो की कमी दाबाने यंत्र जळतं, हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या मोटरींचं तसंच असतं गं. दाब कमी पडला की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि गुंडाळी काळी होते. तशा हजारो काळ्या गुंडाळ्या मी हातोड्याने सोलून काढल्यात. तोच नियम मी तुझ्या यंत्राला लावला आणि वर चार माणसांत तुला हसलोही. आता स्वतः करून बघितलं. एकेक पायरी दाब उतरवत गेलो. दोनशे वॉट खाणारं कार्ड एकशे वीसवर आलं, आणि किल्ल्या? त्या सहा कोटींच्या सहा कोटीच. ठकू, पन्नास वर्षं विजेशी खेळलेल्या माणसाच्या पायाखालची फरशी सरकली म्हण. उपाशी ठेवलेला गडी जास्त खूश होऊन काम करतो, असं कुठे बघितलंयस? मी मात्र आता बघितलं.

मग मला चेव चढला. तू मेमरीचा वेग पन्नासपन्नासने वाढवलायस, आणि दर पायरीला सहा तास थांबून मग पुढची ओळ लिहिलीयस. मला कुठला तेवढा दम. एका सकाळी मी तीन पायऱ्या एकदम चढवल्या. आकडा सहा कोटींवरून साडेसहावर गेला. आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, बघ म्हटलं, पोरीला जमलं नाही ते म्हाताऱ्याने केलं. तासाभराने बघतो तर पडद्यावर लाल ओळींची रांग. म्हणजे कार्ड भरधाव पळत होतं आणि प्रत्येक उत्तर चुकीचं देत होतं. उत्तरं जिथे तपासली जातात तिथून सगळं परत येत होतं. आईने विचारलं, हे असं तोंड वर करून चुकीचं सांगणं त्याला कोणी शिकवलं? आणि माझ्याकडे बघून गेली. मी निमूट तुझ्या आकड्यांवर परत आलो. तेव्हा कळलं ते सहा तास कशासाठी होते. वेग कोणीही वाढवेल. तो खरा आहे का, हे बघत बसणं हेच यातलं काम. छत्तीस पानं तू ते केलंस. जेवणावरून उठून जायचीस, मी ओरडायचो, तेव्हा ते सहा तास भरत आलेले असायचे.

सदतिसाव्या पानावर तू चौकट काढलीयस. चौकटीत चार आकडे, आणि खाली बारीक अक्षरात, आता याला हात लावायचा नाही. त्या ओळीशेजारी एक हसरा चेहराही काढलायस. पान उलटलं की मात्र सगळं बिघडत जातं. अडतिसाव्या पानापासून तापमान चढतं, कार्ड बंद पडतं. तू आकडे खाली आणतेस, पुन्हा बंद. आणखी खाली, पुन्हा तेच. सव्वा महिन्याची पानं आहेत, प्रत्येक दिवसाची ओळ आहे, आणि अक्षर दर पानाला लहान होत गेलंय. शेवटच्या पानावर लिहिलंयस, चूक कार्डाची नाही, माझा हात यातला नाही. ती वही मिटून मी जरा अंगणात जाऊन उभा राहिलो.

परत येऊन चौकटीतले तुझे चार आकडे जसेच्या तसे भरले. दोन तासांत कार्ड तापलं आणि बंद पडलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं की पोरीचंच चुकलं असावं. पण पंख्याकडे कान गेला. पडद्यावर लिहिलं होतं, पंखा ऐंशी टक्के. तो तर आपण सोडलेला हुकूम. तो पाळला की नाही, हे पडदा सांगत नाही. माझ्या कानाला तो ऐंशीचा आवाज लागेना. मोटरीचं करतो तसं केलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंख्याच्या चौकटीला आणि मूठ कानाला. दोन पंख्यांतला एक अडखळत होता. मध्येच दम लागल्यासारखा थांबायचा, मग पुन्हा फिरायचा. गार असताना ठीक, गरम झाला की जड. बंद करून तो पंखा मी खोलला. आत आसाभोवती काळा, चिकट लगदा. धूळ आणि तेल मळून झालेला. बोटाला लावला, चोळला आणि सवयीने नाकाशी नेला.

ठकू, माझ्या दुकानातली ती लाल बुचाची बाटली तुला माहीत आहे. दोन तेलं मी माझ्या हाताने मिसळतो आणि वर कापराची पूड टाकतो, म्हणजे त्याला मुंग्या लागत नाहीत. तो वास दुसऱ्या कुठल्या बाटलीला नाही. त्या लगद्याला तो होता.

मग सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वी तू परीक्षेला दोन दिवस बाहेरगावी गेली होतीस. जाताना मला बजावलं होतंस की याला हात लावू नका. आपण भांडलो होतो, तुझ्यासाठी काहीतरी करावं असं फार वाटत होतं, आणि मला येतं काय? मोटर आणि पंखा. आयुष्यभर दारात आलेला एकही पंखा मी दोन थेंब तेल न देता परत पाठवला नाही. यंत्र बंद करून तुझ्या पंख्यांनाही दिलं. दोनचे चार झाले असतील, हात सैल आहे माझा. लेकीचं यंत्र जरा हलकं फिरेल म्हणून खूश होतो. तुला सांगितलं नाही, कारण तू रागावली असतीस. आणि नंतर विसरूनच गेलो. माझ्या जाड तेलाने तिथे धूळ धरून ठेवली, पंखा गुदमरला, आणि तू सव्वा महिना स्वतःच्या आकड्यांत चूक शोधत राहिलीस. नसलेली चूक कुठून सापडणार होती? तुझी तारीख बघितली गं मी वहीत. चौकट तू जाण्याच्या आदल्या दिवशीची आहे. अडतिसावं पान तू परत आल्यानंतरच्या आठवड्यातलं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. आईला सगळं सांगितलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती एवढंच म्हणाली, "फोनवर सांगू नका, घाईत उरकाल. बसून लिहा, सगळं लिहा." मी म्हटलं, आधी खात्री करतो, मग लिहितो. सहा तास थांबायचं हे तुझ्याकडूनच शिकलो ना. दोन नवे पंखे मागवले. कार्ड पुसून स्वच्छ केलं. यावेळी तेलाची बाटली दुकानातच ठेवून आलो आणि दुकानाला कुलूप लावून किल्ली आईकडे दिली. तुझे चार आकडे भरले, एकालाही हात न लावता. आज त्याला अकरा दिवस झाले. तापमान एकोणसाठ, एकशे वीस वॉट, सहा कोटी, आणि अकरा दिवसांत एकही लाल ओळ नाही. आई रोज दुपारी त्याच्या उबेला पाय पसरून बसते आणि मला आकडा वाचून दाखवते. तिच्या गुडघ्यांचं औषध तूच चार वर्षांपूर्वी सदतिसाव्या पानावर लिहून ठेवलं होतंस. मी रोज सकाळी त्या खोलीच्या दारात उभा राहतो. एवढीशी वस्तू, एवढा अचाट पसारा, आणि तो सगळा माझ्या पोरीने चार आकड्यांत ताळ्यावर आणून ठेवलाय. मला अजून पुरतं खरं वाटत नाही.

म्हणून हे लिहायला बसलो. तुला काय करायचं ते तूच ठरव. त्या नोकरीला हो म्हण, नाही म्हण, पार्सलच्या खिडकीवर तुला बरं वाटत असेल तर तेही चांगलंच. पण माझा हात यातला नाही, या कारणाने नाही म्हणू नकोस. ते कारण खोटं आहे आणि ते माझ्या बाटलीतून आलंय. चार वर्षं तू ते अंगावर वागवलंस, ते आता माझ्याकडे दे. रागाव माझ्यावर, हक्काने रागाव. मी कान उघडे ठेवून ऐकेन, पेपर समोर धरणार नाही. वहीचं शेवटचं पान मी फाडलेलं नाही, ते तुझं आहे. त्याच्या पाठी फक्त अकरा दिवसांची तापमानं पेन्सिलीने लिहून ठेवलीत, तू येऊन तपास. महिनाअखेरीला अजून नऊ दिवस आहेत आणि टपालाला दोन लागतात, तेव्हा पाकीट मिळाल्यावर लगेच चार ओळी लिही. रागाच्या असल्या तरी चालतील, पण लिही. पोस्टमनची वाट बघत बसतो.

तुझाच,
बाबा