तळघरातलं आईंचं यंत्र

४ मार्च
आज पुन्हा लाइट गेली! जनरेटर सुरू होईपर्यंत तळघरातल्या जुन्या बॅटऱ्यांनी तग धरायचा असतो. नाही धरला. व्हेंटिलेटरच्या स्वतःच्या बॅटऱ्याही म्हाताऱ्या झाल्यात, त्यामुळे नवजात कक्षातले तिन्ही एकदम बोंबलायला लागले. आम्ही तिघी नर्स तीन बाळांपाशी, हाताने श्वासाचा फुगा दाबत. माझ्यासमोरचं बाळ तळहातात मावेल एवढं. अर्धं मिनिटच गेलं असेल जनरेटर लागायला — पण नंतर बराच वेळ औषधांच्या ट्रॉलीला धरून उभी राहिले.

रात्री जेवताना घरी सांगितलं. आईंनी (माझ्या सासूबाई) ताट तसंच बाजूला सरकवलं. "एखादा सेल मेला असणार. सगळे एकाच साखळीत ओवलेत ना. एक गेला की सगळे मुके!"
आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात नवीन यंत्रणा त्याच बसवतायत. नवरा म्हणाला, "आई, जेव गं." जेवल्या नाहीत.

७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदा तळघरात गेले. घरी चष्मा शोधत फिरणाऱ्या आमच्या आई तिथे हेल्मेट घालून! चार दणकट माणसं "मॅडम, मॅडम" करत मागे. मी आपली दाराशी उभी, पाहुण्यासारखी.

भिंतभर लोखंडी कपाटं आणि त्यांत खणांसारखे डबे. प्रत्येक डब्यात छोटी बॅटरी आणि तिचं स्वतःचं चालू-बंद करणारं सर्किट. एकेक डबा आपला थोडा थोडा व्होल्टेज चढवतो, पायरीवर पायरी, आणि त्या बारीक पायऱ्यांचीच वीज होते — अगदी गुळगुळीत. काही डब्यांत बॅटरीऐवजी कपॅसिटर. "लाइट गेली की पहिला दणका हे झेलतात," आई म्हणाल्या. "झटक्यात देतात, पण दम नाही. दम बॅटरीवाल्यांना. म्हणून दोघं हवेत."
"आणि यातला एक मेला तर?"
"त्याला वळसा घालायचा. बाकीचे वाटून घेतात. दमलेल्याला कमी काम, ताज्याला जास्त. कंट्रोलर सारखा विचारत असतो प्रत्येकाला — तुझ्यात किती उरलंय?"
आमच्या ड्यूटी लावणाऱ्यांना हे यंत्र दाखवायला हवं!

११ मार्च
आज चाचणी चालू असताना एक डबा खरंच तापला. मी डबा द्यायला खाली गेले होते — म्हणजे जेवणाचा! एक लाल दिवा लागला. एवढंच. पडद्यावरची रेघ जराही हलली नाही. यंत्राने आपणहून त्याला बाजूला काढलं होतं. पोरं ओरडली, टाळ्या पिटल्या. आई मात्र तापला कशाने ते बघायला आधीच वाकलेल्या. शेवटी एक स्क्रू ढिला निघाला. ज्याने बसवला तो पांढराफटक पडला होता. त्याला म्हणाल्या, "आता परत बसव. मी बघत नाही." आणि खरंच पाठ करून उभ्या राहिल्या!
मला कुणी असं शिकवलं असतं तर!

१३ मार्च
बैठक. आमचा कक्ष नव्या यंत्रणेवर जोडायला मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिली. पण आई म्हणाल्या, मेन स्विच बंद करून बघितल्याशिवाय खात्री कशी होणार? तर डॉक्टरांचं साफ नाही. "बाळं आत असताना मी मेन बंद करू देणार नाही. वरचा मजला रिकामा होईल तेव्हा तिथे बघा."
"म्हणजे खरी वेळ आली की मगच कळणार?"
"येऊच नये ती वेळ."
मग माझ्याकडे वळून, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, डॉक्टरांचं बरोबर आहे. घरी येताना आई बसमध्ये तिकिटाच्या मागे काहीतरी आकडे मांडत होत्या. रागावल्या नव्हत्या, विचार चालला होता.

१८ मार्च
चाललं! चाललं! दुपारी मी बाळाची नळी साफ करत होते. सफाईवाल्या मावशी फडकं हातात घेऊन धावत आत — "सिस्टर, बाहेर काळोख झालाय!" मी वर बघितलं. दिवे तसेच. व्हेंटिलेटर तसेच, आपल्या लयीत. एकही अलार्म नाही! काचेपलीकडचा कॉरिडॉर अंधारात आणि आमचा कक्ष उजेडात. बाळ जांभई देत होतं.

मोठे डॉक्टर धापा टाकत आले. सगळीकडे बघितलं, मग सरळ तळघरात गेले आणि आईंचे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरले होते त्यांचे. मीही मागोमाग गेले आणि सगळ्यांदेखत आईंना मिठी मारली. "अगं, कपडे बघ माझे!" म्हणाल्या. आणि तिथल्याच स्टुलावर बसून घेतलं. वयच झालंय, मी समजले.
या घरात लग्न करून आले ते बरंच केलं. हे नवऱ्याला सांगायचं नाही.

१९ मार्च
आई दिवसभर झोपल्या. झोपू दे.

२१ मार्च
हॉस्पिटलसमोरच्या औषधवाल्याशी लाइट गेल्याचं सहज बोलणं निघालं. "मंगळवारी? छे, सिस्टर. आमच्याकडे नव्हती गेली. रस्त्यात कुणाचीच गेली नव्हती."
घरी आले. नवरा नव्हता. आईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मेन मीच पाडला."
"आणि नसतं चाललं तर?"
"तू होतीस ना वर. तुझी ड्यूटी बघूनच दिवस ठरवला."
उद्यापासून त्यांचा डबा घेऊन मी तळघरात जाणार नाही.