मोहीम सोडून आलेल्या सरदाराबद्दल खुलासा

कुरुंदा,
माघ शुद्ध पंचमी, शके १८६२

सौ. सिंधूवन्संच्या पायांवर डोकं ठेवून शालूचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. तिकडे तुम्ही, दाजी, लेकरं आणि तुमच्याकडे वकिली शिकायला राहिलेले तुमचे भाऊ बरे असाल. त्यांचा खोकला गेला का? पत्रात ते 'खोकला कमी आहे' असं लिहितात खरं, पण ती पत्रं मामंजींच्या नावानं येतात, आणि वडिलांना कोणी खरा खोकला कळवत नाही.

तुम्ही पाठवलेली कादंबरी पोचली. दोन सरदार घराणी, वडिलांनी ठरवलेलं लग्न, अंतरपाट दूर होईपर्यंत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि हळद उतरायच्या आत सरदार मोहिमेवर! त्या बाईंना पुढे एकशेचाळीस पानं नवरा दिसत नाही. (आम्हाला आठ दिवस मिळाले, तेव्हा मी तक्रार करणं बरं नव्हे. पण त्यालाही दहा महिने झाले.) दुपारी हळकुंडं निवडायला बायका जमतात, त्यांना मी ती वाचून दाखवू लागले. अडचण पहिल्याच पानावर आली. सरदारांचं नाव नेमकं तुमच्या भावाचं. आता ते मी कसं घेणार? छापलेलं नाव वाचलं तर ते घेतल्यासारखं होतं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. माझ्या माहेरी माझ्याआधी कोणी शाळेत गेलेलं नाही, त्यामुळे विचारायलाही कोणी नाही. मग नाव बदलायचं ठरवलं. माणिकराव म्हटलं, तर ते शेजारच्या चंद्रभागाबाईंचे मालक. रामकिशन म्हटलं, तर जिवनबाईंचे थोरले दीर. त्यांना गोष्टीबद्दल बोलताच येईना. शेवटी मी नुसतं 'ते' म्हणू लागले. ते हत्तीवर बसले, त्यांनी किल्ला घेतला, असं. त्यावर चंद्रभागाबाई रोज विचारायच्या, "काहून वो सूनबाई, तुमचे मालक वकिली शिकून राहिले का किल्ले घेऊन राहिले?" मी मान खाली घालून वाचत राहायची.

मागच्या सोमवारी नववं प्रकरण चाललं होतं. सरदारांना छावणीत बायकोची आठवण येते. मी वाचत होते की त्यांना काही सुचेना, हातातलं काम अर्धं टाकून ते निघाले, तिचं मुख पाहिल्याखेरीज अन्न घेणार नाही असा त्यांनी निश्चय केला. (इथे माझा आवाज जरा बदलला, ते मी नाकारत नाही.) तेवढ्यात मामंजी मळ्यातून आले आणि दाराबाहेरच थबकले. घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच मोठ्यानं वाचते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना वाटलं, पोराचंच पत्र आलं. अशा पत्राबद्दल सासऱ्यानं सुनेला काय विचारायचं? ते तसेच मळ्याकडे परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला दौत घेऊन बसवलं. परीक्षा झाल्याखेरीज कुरुंद्यात पाय ठेवू नये, असं लिहायला सांगितलं, आणि वर "बायकूचं तोंड कुठं पळून न्हाई चाललं" हेही. वन्सं, ते वाक्य मी माझ्या हातानं लिहिलं. थोडं मऊ करावंसं वाटलं, पण वडीलमाणसानं सांगितलेलं बदलणं म्हणजे खोटंच की. अक्षर नेहमीपेक्षा वळणदार आलं, याचं तर जास्तच वाईट वाटतं.

पत्र वसमतच्या टपालात पडल्यावर सासूबाईंनी विचारलं, पोराच्या पत्रात असं काय होतं म्हणून. तेव्हा उलगडा झाला. त्यांनी मामंजींपुढे पुस्तक नेऊन ठेवलं. मामंजी म्हणाले, "लिवलं ते लिवलं. पोरगं अभ्यास तरी करंल." तुमचे भाऊ शिवरात्रीला येणार होते. परीक्षा ज्येष्ठात आहे. मी दिवस मोजत नाही, पण ते एकशे सव्वीस आहेत.

तरी त्यांना एवढंच सांगावं, की शब्द मामंजींचे होते, माझं फक्त अक्षर होतं. त्यांनी वडिलांची आज्ञा मोडावी, असं मी मुळीच सुचवत नाही.

लहानथोरांना यथायोग्य.

तुमची भावजय,
शालू

ता. क. पुस्तकाची पानं पिवळी झाली ती आमच्या बोटांनी. माफी असावी. शेवटची आठ पानं मी अजून उघडली नाहीत. सरदार घरी राहिले का परत गेले, असं बायका विचारतात, तेव्हा मी चहा ठेवायला उठते. आणि सरदारांचं नाव तुम्हाला आधी माहीत नव्हतं, असं मी धरून चालते.

ता. क. दुसरा. हे पत्र तुमचे भाऊ जेवायला बसलेले असताना मोठ्यानं वाचलंत, तर माझी हरकत नाही.

ता. क. तिसरा. सासूबाई शेजारी बसून हे लिहायला लावताहेत. त्या म्हणतात, मामंजींनी कुरुंदा म्हटलं होतं, औंढा नव्हे. शिवरात्रीला त्या मला घेऊन नागनाथाच्या दर्शनाला औंढ्याला चालल्या आहेत. मामंजींना हळदीमुळे यायला सवड नाही. "लिव, म्हनावं माझे गुडघे लई दुखून राहिले. एका प्रदक्षिणेला मला घंटाभर येळ लागतो. तवर सूनबाई पायरीपाशी बसून राहील." मी लिहिलं. मी पायरीच्या उजव्या अंगाला बसेन, आणि पदर जरा मागे घेईन, कारण त्यांनी मला अजून उजेडात नीट पाहिलेलं नाही.