डाव्या खांद्याची बंदूक

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (भाऊजी फोनवर 'बरा आहे' म्हणतात, पण त्यांनी स्वतःचा हात मोडला होता तेव्हाही 'बरंच आहे' म्हटलं होतं.) आईची तब्येत ठीक. बाबांच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही.

बाबांची ती जुनी जर्मन दुनळी. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून ते गेल्यावर ती परवानाधारक दुकानात जमा करावी लागते, असं ठाण्यात सांगितलं. पिशवीला कसर लागली होती, तेव्हा गादीच्या खोळीत गुंडाळून निघालो. जिन्यात खालचे शेजारी भेटले. (गाडी लावण्याच्या जागेवरून आमचा अबोला होता.) "काय नेताय?" त्यांनी अबोला मोडून विचारलं. मी खरं ते सांगितलं, "बंदूक." आता ती जागा कायम मोकळी असते, आणि ते मला रोज जेवण झालं का विचारतात. मला वाईट वाटतं, पण गाडी तिथेच लावतो.

दुकानदार म्हातारे आहेत. त्यांनी बंदूक उघडून उजेडात धरली. दोन नळ्या शेजारी शेजारी अशा जोडलेल्या की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नाही. चापाच्या वर पोलादावर कोरलेले तित्तर, त्यांची पिसंसुद्धा वेगवेगळी. बाबांनी जन्मात मातीच्या उडत्या थाळ्यांखेरीज काही फोडलं नाही, तरी त्या पक्ष्यांना दर रविवारी तेलाचं बोट लावायचे. मला राहवलं नाही. मी ती खांद्याला लावली आणि नळीवरून पाहिलं, तर समोर भिंतीऐवजी दुकानदारांचा पंखा. "नेम चुकतोय," मी म्हटलं.

"तुम्ही उजवे," ते म्हणाले. "खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता डावऱ्या माणसाचा आहे. मीच नवा बसवला. अक्रोडाचा. डावीकडे जरासा वळवून."

"बाबा तर उजवेच होते."

"मुलगी डावरी आहे, म्हणाले. हाताचं माप हवं म्हटलं, तर तिचा जुना कोट घेऊन आले. बाही धरून उभे होते इथे."

ताई, 'पोरीच्या खांद्याला ही पेलायची नाही' असं ते तुला म्हणाले, आणि तू घर सोडून गेलीस. त्यानंतरचं हे. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, तुलाही कळवलं नाही. त्या वळवलेल्या दस्त्याची बंदूक ते स्वतः मैदानावर नेत राहिले. थाळ्या चुकायच्या. आम्ही म्हणायचो, वय झालं.

मी दुकानात रडलो. दुकानदारांनी बंदूक माझ्या हातातून आधी काढून घेतली, मग पाणी दिलं.

तुझा,
धाकटा

ता.क. वारस म्हणून परवान्यासाठी तुझं नाव मी सांगून आलो आहे. विचारलं नाही, रागाव. पण सही तुलाच करावी लागेल, आणि ती इथे येऊन.

ता.क. आणखी एक. आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. तरी ती सकाळपासून तुझी खोली झाडते आहे.