तुलो न म्हणता

सोमवार, ४ मार्च
राजधानी सुवाहून लेवुकाच्या बंदरात आले. मच्छीमार संघाच्या कचेरीत संगणकाचं काम मिळालंय! खिडकीतून थेट धक्का दिसतो. इथले प्रमुख इसिमेलीमामा. त्यांनी आल्या आल्या नारळाच्या दुधातली मासळी आणि कसावाचे उकडलेले कंद पुढे ठेवले, वर सुवाची माणसं काडीसारखी असतात असा टोमणाही मारला. इथे एक जुना नोंद-प्रोग्राम आहे. समुद्रातल्या प्रत्येक नावेवरचं यंत्र आपली जागा कळवतं, हा ती फाइलमध्ये लिहीत राहतो. मी ती फाइल वाचून नावा नकाशावर दाखवायच्या. हातचा मळ!

बुधवार, ६ मार्च
कसला हातचा मळ! नोंद-प्रोग्राम ती फाइल सतत उघडून बसलेला. माझा प्रोग्राम वाचायला गेला की एकच उत्तर: फाइल दुसऱ्याच्या वापरात आहे. मामा हसून हसून लोटपोट. म्हणाले, "अगं, बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून हात घालताना आपण 'तुलो', माफ करा, म्हणतो ना? तुझ्या प्रोग्रामला कुणी वळण लावलं नाही का?"
खरंच आहे. 'मी वाचतो, तू लिहीत राहा' असं सांगणारा एक शब्द कोडमध्ये घालावा लागतो. पण मला नकाशा आजच दाखवून शाबासकी हवी होती. नोंद-प्रोग्राम क्षणभर बंद केला, माझ्या प्रोग्रामला आधी फाइल उघडू दिली, मग तो परत सुरू केला. नकाशा झळकला! तो शब्द सावकाश घालीन.

शुक्रवार, ८ मार्च
संघातल्या अपिसाई नावाच्या मच्छीमाराची नाव परतली नाही. नकाशावर ती बुधवारच्याच जागी. सगळ्याच नावा बुधवारच्या जागी. माझ्या प्रोग्रामने फाइल अडवून धरली होती. नोंद-प्रोग्रामला लिहिताच आलं नाही, आणि तो तक्रारही करत नाही. कुणी पाहायच्या आत माझा बंद केला. बाकीच्या नावांच्या नोंदी येऊ लागल्या. अपिसाईची नाही. मधल्या दोन दिवसांत तो कुठे होता, ते सगळं कायमचं गेलं.
मामांना सांगितलं नाही. तोंड दाखवायची लाज वाटते.

शनिवार, ९ मार्च
धक्क्यावर बोलणं चाललंय की अपिसाईने यंत्र मुद्दाम बंद केलं, बंदी असलेल्या प्रवाळात चोरून मासे मारायला गेला. शोधही तिकडेच चाललाय. त्याची बायको वासिती कचेरीच्या पायरीवर बसून आल्यागेल्याला सांगते, "माझा माणूस चोर नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. मी चहा पुढे केला. चहा! स्वतःची किळस आली.

सोमवार, ११ मार्च
सगळे प्रोग्राम बंद केले. तरी फाइल दुसऱ्याच्या वापरात. आणि वाढतेय. कोण लिहितंय —
दुपारी उघडली. अपिसाईच्या नावेच्या नोंदी. खाडी. धक्का. मग जमिनीवर. चर्चचा रस्ता. आमची पायरी. ही खोली —
डोक्यावरून ओला हात गेला. मागे कुणी नव्हतं. तुलो म्हटलं नाही. मी तरी कुठे म्हटलं होतं.

मंगळवार, १२ मार्च
सांगायला मामांसमोर उभी राहिले. जीभ हलेना. आतून कुणी धरून — मामा म्हणाले, पोरीला ताप भरलाय.
वासिती पायरीवरच आहे. बोलता येत नाही, लिहून देते. हे पान फाडून तिच्या हातात —
हात जड होतोय. लवकर —
वासितीताई, देवाशपथ सांगते, तुमचा माणूस चोर