दार झालेल्या मुलीची फेरतपासणी

प्रति,
मा. विभागप्रमुख,
बालशिक्षण विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : बालवर्गातील एका मुलीची वाचातपासणी पुन्हा होण्याबाबत, व त्या वेळी तपासणाऱ्यांनी दार वाजवण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) पहिल्या अर्जावरून आपण पाठवलेला सुतार. ३) दुसऱ्या अर्जाला आपण दिलेले उत्तर.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, बालवर्गाची शिक्षिका. माझ्या गोपनीय अहवालात 'स्वभाव तापट, अर्ज लांब' असा शेरा आहे. तो मला मान्य आहे. हाही अर्ज लांबणार आहे, तरी शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

२. माझ्या वर्गात मधल्या सुट्टीनंतर मुले घर-घर खेळतात. हा खेळ वेळ घालवण्यासाठी नाही. मुले शाळेत नवी येतात तेव्हा सगळी एकाच सुरात बोलतात, पाढे म्हटल्यासारखी. घरी हट्ट करताना, लाडात येताना, घाबरल्यावर त्यांचा आवाज बरोबर चढतो-उतरतो. वर्गात आली की तो दप्तरात जातो. म्हणून मी त्यांना एकच वाक्य देते : 'कोण आहे?' बाहेर पाहुणा असेल तर ते कसे विचाराल? चोर असेल तर? आत बाळ नुकतेच झोपले असेल तर? तेच दोन शब्द मुले इतक्या तऱ्हांनी म्हणतात की कधी हसून मुरकुंडी वळते, कधी अंगावर काटा येतो. माझे शिकवणे ते एवढेच. फळ्यावर त्याचे काही उमटत नाही, हे कबूल.

३. सदर मुलगी वर्गात आली तेव्हा तिच्या तोंडाला कुलूप होते. आई वारल्यापासून ती बोलत नाही, असे तिच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी सांगितले. ते बेकरीत भट्टीवर काम करतात. घर-घरमध्ये आई कोण, आजोबा कोण, यावरून रोज मारामारी व्हायची. मांजर व्हायलासुद्धा रांग असायची. हिने काहीच मागितले नाही. मग एके दिवशी ती आपण होऊन दोन बाकांच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहिली, एक हात आडवा धरला आणि तळवा बाहेर केला. खेळात दार कोणी व्हायचे असते हे आम्हा कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. मुलांनी मात्र लगेच तिच्या पायाशी खडूने उंबरठ्याची रेघ ओढली आणि तळव्यावर टकटक केली.

४. पुष्कळ दिवस ती नुसती उघडायची आणि मिटायची. पुढे 'करर्र' असा आवाज करू लागली. मग 'कोण आहे?' हेही आले. भाजीवाल्याला खणखणीत, पाहुण्यांना मऊ, चोराला एकदम जाड. त्यानंतर एक दिवस ढब्बू नावाने ओळखला जाणारा मुलगा माझी ओढणी डोक्यावर घेऊन कामावरून आलेली आई झाला आणि त्याने तळवा वाजवला. तिने फार हळू विचारले, 'कोण आहे?' तो म्हणाला, 'मी, आई.' दार लगेच हलले नाही. मग म्हणाले, 'आज किती उशीर केलास.' आणि उघडले. मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

५. ही हकिकत मी तिच्या वडिलांच्या कानावर घातली. ते बराच वेळ हातांना लागलेले पीठ झटकत राहिले. मग म्हणाले, "बाई, तिची आई कामावरून आली की हीच धावत जाऊन दार उघडायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही."

६. त्यानंतर आपले तपासणी अधिकारी आले. त्यांनी हिला उभी करून 'तुझं नाव काय?' असे विचारले, पुन्हा विचारले, मग आवाज चढवून विचारले. ती बोलली नाही. साहेबांनी हिच्या तळव्यावर टकटक करावी असे मी सुचवले. त्यावर ते म्हणाले, "बाई, मी तपासणीला आलोय. दारं वाजवायला नाही." त्यांनी 'वाचा नाही' असा शेरा दिला व तिला परगावच्या निवासी शाळेत हलवण्याचा आदेश निघाला. तिथे मुलगी बोलायला शिकेल असे सांगितल्यावर वडिलांनी सही केली. मी त्यांना दोष देत नाही.

७. माझ्या पहिल्या अर्जात दाराचा उल्लेख आल्यामुळे तो दुरुस्ती शाखेकडे गेला आणि एक सुतार पट्टी घेऊन हजर झाला. वर्गाचे दार धड आहे हे पाहून तो परत निघाला होता. मुलांनी त्याला सोडले नाही. त्या बिचाऱ्याने हातातली पेन्सिल कानावर अडकवली, खाली वाकून हिचा तळवा वाजवला. आतून प्रश्न आला, 'कोण आहे?' तो म्हणाला, 'सुतार. दुरुस्तीला आलोय.' दाराने सांगितले, 'काही बिघडलेलं नाही.' सुतार आपण पाठवलेला होता. म्हणजे ती आपल्या कार्यालयासमोर बोलली असे धरता येईल काय, असे मी दुसऱ्या अर्जात नम्रपणे विचारले व त्याचा जबाब जोडला. 'सुतार हे सक्षम अधिकारी नाहीत' असे उत्तर आले. ते पोचण्याआधीच गाडी येऊन तिला घेऊन गेली होती. गाडीत चढताना तिने एक हात आडवा धरला होता. ड्रायव्हरला वाटले, ती टाटा करते आहे. त्याने हात हलवला.

८. गेल्या आठवड्यात वडील तिला भेटून आले. तिथे सगळे घंटेवर चालते, दार कोणी वाजवत नाही. ती आता खुणा करते, चांगल्या करते, असे तिथल्या बाई कौतुकाने म्हणाल्या. वडील माझ्यासमोर बाकावर बसून रडले. मलाही आवरले नाही.

९. इथे घर-घर बंद पडले आहे. मी दुसऱ्या मुलीला दार व्हायला सांगून पाहिले. ती तयार होईना. मुले खडूची रेघ रोज नव्याने ओढतात आणि तिच्या अलीकडे उभी राहतात. आत कोणी जात नाही. आत जा म्हटले तर ढब्बू सांगतो, "बाई, उघडलं नाही अजून."

१०. तरी तिची फेरतपासणी व्हावी व तिला परत पाठवावे, ही विनंती. जे कोणी जातील त्यांच्यासाठी सूचना : तिला नाव विचारू नये. तिच्या उंचीला येईल असे खाली बसावे. तळव्यावर बोटाने हलकेच वाजवावे. तिने 'कोण आहे?' म्हटले की हुद्दा सांगू नये. बाईंनी पाठवलंय, मुलं बाहेर खोळंबलीत, एवढेच सांगावे. मग थांबावे. ती उघडायला वेळ लावते, पण उघडते.

रेघेच्या अलीकडून,
आपली नम्र,
(सही)
बालवर्ग शिक्षिका
दिनांक : ११ फेब्रुवारी

सोबत :
१) सुताराचा जबाब, दुसरी प्रत. (पहिली आपल्याकडे आहे.)
२) वडिलांची सही मागे घेण्याची चिठ्ठी.
३) खडू, एक. तिथली फरशी गुळगुळीत असल्यास रेघ जरा दाबून ओढावी.