गिनीचं पिल्लू आणि मागची भिंत

४ ऑगस्ट, मंगळ.
सकाळी घराच्या मागच्या भिंतीशी, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या गंजीजवळ गिनी कोंबडीचं एक पिल्लू सापडलं. दीड महिन्याचं. डावा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. सातही मोठ्या गिनी गंजीपुढे अर्धा गोल करून ओरडत होत्या, मला पाहूनही हटेनात. मांजराचं काम. आधीची तीन पिल्लं गेली तीही त्याचीच करणी असणार.
पदरात घेतलं तर गप्प बसलं. काळीज तेवढं धडधडत होतं.
हे म्हणाले, "कापून टाक. एका पायावर काय जगन थे."
प्रज्ञा आतून, "बाबा, घरात बाळंतीण आहे. काय बोलून राह्यले."
लेक माहेरी बाळंतपणाला आलेली, नात आज बारा दिवसांची. तिच्या पुण्याईनं पिल्लू वाचलं.

५, बुध.
जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर चक्क जागेवर होते. आइस्क्रीमच्या दोन काड्या लावून पाय बांधला. तीन आठवडे बांधून ठेवायचा. ऊब, अंड्याचा बलक, मिळाली तर वाळवी.
"मावशी, मांजर नाही हे. दात कुठंच लागला नाही. मोठ्या गिनींनीच तुडवलं. बिथरल्या की त्या खाली पाहत नाहीत."
कशानं बिथरल्या ते विचारायचं राहून गेलं.

७, शुक्र.
पिल्लू मधल्या खोलीत खोक्यात ठेवलं होतं, पहाटे पाहते तर गारठलेलं, मान टाकलेली. खोकं उचललं आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडीजवळ, धान्याच्या कोठीच्या कोपऱ्यात ठेवलं. तासाभरात डोळे उघडले.
अंगणवाडीत तीस वर्षं बायांना सांगत आले, बाळाच्या खोलीत कोंबडी नको. आता स्वतःच्याच घरात. कुणी विचारलं तर सांगीन, ही कोंबडी नाही, गिनी आहे.

९, रवि.
पऱ्हाटीच्या गंजीत वाळवी भरपूर. गेल्या वर्षीच्या काड्या, खालून कुजल्या आहेत. रोज हात घालून मूठभर काढते. पिल्लू तुटून पडतं.
मोठ्या मात्र माझ्या हाताकडे बघून कट्-कट्-कट् सुरू करतात ते दहा-दहा मिनिटं थांबत नाहीत. दिवेलागणीला तर रोजच. त्यांना वाटतं त्यांचं लेकरू मी पळवलं. बाळी दचकते, हात-पाय ताठ करते.

११, मंगळ.
शेजारच्या वच्छलाबाई बाळीला पाहायला आल्या. "ताई, लेकराच्या घरावर पाखरं अशी ओरडली त बरं नसते."
आमच्या घरात हे चालत नाही, त्यांना माहीत आहे. चहा दिला आणि सरळ सांगितलं, आत पिल्लू आहे, बाहेर आई आहे, ओरडणारच. ह्यात शकुन-अपशकुन काय.
त्या म्हणाल्या, "मंग खिडकीकडं काऊन नाही पाहून राह्यल्या? त्या त गंजीकडं पाह्यतात."
या बाईला बोलायला निमित्त लागतं.

१३, गुरु.
बाळी ३ किलो १००. छान. पिल्लालाही काट्यावर ठेवलं, वीस ग्रॅम वाढलं. वजन घ्यायची सवय हाताची जात नाही.
कोठीमागचे उंदीर बंद झालेत. गोळ्या न टाकता. बरं झालं.

१५, शनि.
झेंडावंदनाहून जिलेबी आणली. कुणी खाल्ली नाही. दुपारभर गिनींनी डोकं उठवलं. बाळी रडून रडून निळी पडली. प्रज्ञाचे डोळे खोल गेलेत.
"आई, एक त त्यायले काढ, नाहीतर मी सासरी जातो."
पोर असं कधी बोलत नाही. मी ठरवलं.

१६, रवि.
यांचे सुलतानपूरचे मित्र येऊन सातही गिनी आणि राहिलेली पिल्लं दोन डालग्यांत घालून घेऊन गेले. आम्ही पैसे घेतले नाहीत. पाय मोडलेलं तेवढं ठेवून घेतलं.
यांचं तोंड उतरलेलं. आठ वर्षांपूर्वी न्हाणीत नाग निघाला, तेव्हा यांनीच त्या आणल्या होत्या. त्यानंतर अंगणात एकही दिसला नाही, हे खरं.
"सापाचं कोण पाह्यीन मंग आता?"
मी म्हटलं, "तुम्ही पाहा. रिटायरच तर आहात."
प्रज्ञा हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

१७, सोम.
बाळी सलग चार तास झोपली. इतकी शांतता की शेगडीतला कोळसा तडकलेला ऐकू येतो. माझा निर्णय बरोबर होता.

१९, बुध.
हे जळण काढायला गेले तर गंजीत कात. हातभर तुकडा, फाटका, डोक्याकडचा भाग नाही.  त्याच जागी मी रोज हात घालते.
"धामण हाय. उंदरं खाते बिचारी. घाबरू नको."
धामणच असेल. वच्छलाबाईंना सांगायचं नाही.
वाळवी बंद.

२१, शुक्र.
दोन माणसं लावून गंज हलवली. काही निघालं नाही. जोत्याच्या दगडात मुठीएवढं बीळ होतं, कडा गुळगुळीत. यांनी स्वतः सिमेंट कालवून पक्कं बुजवलं, वर फुटक्या काचा रोवल्या. आता बाहेरचं काही आत येत नाही. खूप हलकं वाटलं.

२३, रवि.
पिल्लू अंड्याला तोंड लावत नाही. चिवचिव बंद. इतके दिवस शेगडीकडे तोंड करून बसायचं, कालपासून कोठीकडे. मान लांब केलेली, एकाच जागी. खोकं फिरवलं, तर ते परत फिरलं, मोडक्या पायावर.
प्रज्ञा म्हणाली, "आई, हे काय पाह्यते?"
"आजारी आहे," मी म्हटलं.

२४, सोम.

दुपारी दोनला बाळी खाली गोधडीवर झोपलेली, प्रज्ञा बाजूला डोळा लागून. मी स्वयंपाकघरात. एकदम कट्-कट्-कट्. मला वाटलं मोठ्या गिनी परत आल्या. धावले तर पिल्लू. आजवर नुसतं चिवचिवणारं, आज आवाज फुटला, तोच आवाज. खोक्याबाहेर पडलेलं, एका पायावर, पंख पसरून, बाळी आणि कोठी यांच्या मधोमध.
कोठीमागे काहीतरी सरकलं. मी पाहिलं नाही, ऐकलं. वाळलेल्या पानावरून दोर ओढावा तसं. बाळीला उचललं, प्रज्ञाला दंडाला धरून ओढलं, बाहेर ओटीवर.

साप धरणारा बीबी गावाहून आला. बाज, पेट्या, गोधड्या सगळं बाहेर. कोठी हलवली. मागे फरशी खचलेली, त्याखाली पोकळ. काठी घातली तर काठी संपली, पोकळी संपली नाही.
"बाहेरून बीळ होतं का?"
हे म्हणाले, "व्हतं. शुक्रवारी बुजवलं. सिमेंटनं."
 तो म्हणाला, "काका, त्याची जायची वाट तेच व्हती ना." फरशी फोडायला लागेल, सामान घेऊन तासाभरात येतो म्हणून गेला. कोणता आहे, विचारलं. ऐकून सांगता येत नाही म्हणाला.
हे गाडी काढून सुलतानपूरला गेलेत, गिनी परत आणायला. आधी फोन केला होता. तिकडे चार कापल्या, तीन उरल्यात.

ओटीवर बसून मागची पानं वाचली. डॉक्टर, गंज, वच्छलाबाई, उंदीर. सगळं माझ्याच अक्षरात आहे. तीस वर्षं रजिस्टर भरलं, वर पाठवलं, परत उघडून कधी वाचलं नाही. तसंच झालं. अपशकुन मानत नाही म्हणून त्या पाखरांचं ऐकलंच नाही मी. माझी मला लाज वाटते.

प्रज्ञा दोनदा म्हणाली, "आई, त्या पिल्लाले बाहेर आण. दार लावून आत एकटंच ओरडून राह्यलं थे."
मी नाही म्हटलं. ते ओरडतं आहे तोवर आपल्याला कळतं, जे आहे ते आतच आहे. वाईट वाटतं. तरी नाहीच म्हटलं. बाळी मांडीवर झोपली आहे, दाराच्या फटीत मी गोधडी कोंबली आहे.

सव्वापाच. अजून कुणी आलेलं नाही.

लिहिताना लक्ष नव्हतं. प्रज्ञानं माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा कळलं. आतला आवाज थांबला आहे.