पुसायचं की पालथं घालायचं

६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. फोन केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला गल्ली गोळा होईल एवढं ओरडावं लागतं, आणि तरी तुला निम्मंच कळतं. इतकी वर्षं लोखंडावर हातोडे मारून कानांचं काय करून ठेवलंयस ते बघ एकदा. शिवाय आई आणि हे शेजारच्याच खोलीत असतात. म्हणून आपलं पत्रच बरं.

मार्च संपेपर्यंत राहीन, मग आपल्या खोल्यांत परत जाईन, असं तिने आल्या आल्याच सांगून टाकलं. मी हो हो म्हटलं. पण दादा, तिने आता कायमचं इथेच राहावं असं मला वाटतं. बाबा गेल्यापासून ती एकदा रांधते आणि तेच दोन वेळा खाते. शेजारच्या काकू सांगत होत्या की दिवसदिवस दार उघडत नाही. तुझ्याकडे ठेवावं तर वर्कशॉपच्या धुराने तिला खोकला होतो. म्हणजे राहता राहिले मी.

काळजी एकाच गोष्टीची आहे. आई आणि हे एकमेकांशी बोलतच नाहीत. म्हणजे भांडण नाही काही. या, बसा, घ्या, पुरे, एवढ्यावर सगळं संपतं. हे मुळात अबोल. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासतात, घरी येऊन माझ्याशीच चार वाक्यं बोलले तर मी साखर वाटायची. आणि आई खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसते, एसटी स्टँडवर बसावं तशी.

त्यात आमचं स्वयंपाकघर तुला माहीत आहे. सिंकच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला शेगडी. धुतलेलं भांडं निथळायला ठेवायचं कुठे, हे घर बांधणाऱ्याला सुचलंच नाही. माणूस उपाशी राहत असावा. मी टॉवेल पसरून त्यावर ठेवते, उरलेलं खिडकीत, त्यातूनही उरलेलं स्टुलावर. ओघळ शेगडीखाली जातात. परवा हे चहाचा कप घेऊन घसरले, कप वाचला आणि कंबर दुखावली. भांडी निथळायला एखादी लोखंडी जाळी करून देशील का?

तब्येतीला जप, आणि बहिणीवर माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तरी चालेल.

तुझी,
चिमी

*

११ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. कान ठीक आहेत, तूच पुटपुटतेस.

जाळी करतो. त्यात काय, आख्ख्या गावाच्या खिडक्यांना गज बसवले, चार बश्यांना बसवता येणार नाहीत? फक्त मापं नीट घेऊन पाठव. लांबी, रुंदी, नळाची उंची. ‘साधारण मध्यम’ असलं काही लिहू नकोस, मागे कपाटाच्या वेळी लिहिलं होतंस.

जावईबापूंचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या लग्नाच्या बोलणीत ते एकदाच बोलले होते, ते म्हणजे माझ्या चष्म्याची डावी काच कलती बसली आहे. माणूस चांगला आहे. आईला मात्र सांभाळ. तिला काही विचारलं की हो म्हणते, आणि करते मनातलंच. मार्चअखेर म्हणाली म्हणजे मार्चअखेरीला निघेल. तिच्या खोल्यांचं भाडं मी भरतोच आहे, ती चिंता करू नये.

घरातल्या सगळ्यांना आठवण सांग, आणि आपलं असंच चालू दे.

दादा

*

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मापं सोबतच्या कागदावर आहेत, टेप लावून घेतली आहेत. जाळी लवकर पाठव रे बाबा. इथे युद्ध पेटलंय.

झालं असं. आई कॉलेजच्या रसायनशाळेत जन्मभर काचसामान धूत होती, हे तुला मी काय सांगू. तिथला नियम तिच्या हाडीमाशी भिनलाय. काच फडक्याने पुसायची नाही, फडक्याचे धागे चिकटतात. स्वच्छ पाण्यातून काढायची, पालथी घालायची आणि आपली आपण वाळू द्यायची. आणि ह्यांचा धंदा बरोबर उलटा. ह्यांच्या मते काचेवर थेंब वाळला की डाग पडलाच, म्हणून ओली असतानाच मऊ फडक्याने पुसायची.

पहिल्या आठवड्यात दोघं गपचूप होते. आई पेले पालथे घालून जायची. हे उठून सगळे पुसून, उजेडात धरून बघून, सुलटे ठेवायचे. आई येऊन पुन्हा विसळायची. हे पुन्हा पुसायचे. दोघांच्या मध्ये मी, आणि एक पेला पाणी प्यायला कोरडा मिळेल तर शपथ.

सोमवारी मात्र तोंडं उघडली. आई म्हणाली की जावईबापू, रोज तुमच्या फडक्याचे धागे आमच्या पोटात जातात. हे म्हणाले की रसायनशाळेत पेल्यातून कुणी पाणी पीत नव्हतं, म्हणून तिथे डाग चालत असतील. दादा, माझ्या हातातली पळी खाली पडली. काल तर ह्यांनी दुकानातून भिंग आणलं, आईला तिच्या पेल्यावरचा डाग दाखवायला. आईने तो बघितला, मग तेच भिंग हातात घेऊन ह्यांच्या पेल्यातला धागा शोधून काढला. तासभर दोघं खिडकीशी उभे होते. जेवण निवलं.

भांड्याला भांडं लागायचंच म्हणतात, पण इथे पेल्याला पेला लागतोय, फुटायला कितीसा वेळ? हे दुकानातून लवकर येतात आणि थेट सिंकपाशी जातात. आई त्यांची वाट बघत पदर खोचून तयार. रागाच्या भरात काल दोनदा वाढून घेतलं तिने. ती चिडून निघून गेली तर मी काय करू? जाळी आली की पुसायचा प्रश्नच राहणार नाही. तेव्हा हातातली गेटं-बिटं बाजूला ठेव.

रागावू नकोस, आणि मला विसरू तर मुळीच नकोस.

तुझी,
चिमी

*

२७ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जाळी टेम्पोवाल्याबरोबर पाठवली आहे. दोन माणसांनी उतरवून घे. भिंतीत चार बोल्ट मार म्हणजे हलायची नाही. खरं तर बोल्ट नसले तरी हलायची नाही. वर म्हैस चढली तरी वाकणार नाही, तुझ्या ताटल्यांचं काय घेऊन बसलीस. रंग हिरवाच मिळाला.

पुढच्या बाजूला एक कडी-कोयंडा आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. इतकी वर्षं गेटं केल्यावर हात आपोआप तिकडे जातो. काम झाल्यावर ध्यानात आलं. हवं तर कुलूप लाव, वाट्या पळून जाणार नाहीत.

एक गोष्ट अभिमानाने सांगतो. ह्या जाळीतला एकेक सांधा मी स्वतः भरलाय, कारागिरांना हात लावू दिला नाही. आजवर माझा एक सांधा सुटलेला नाही, आणि हे तर घरचं काम.

युद्ध थांबल्याचं कळव. आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत.

दादा

*

१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाळी फार छान आहे. सगळी भांडी मावतात, पाणी थेट सिंकमध्ये जातं, फरशी कोरडी ठाक. आमच्या घरमालकीणबाई बघायला येऊन गेल्या आणि कडी कशाला असं विचारलं. मी म्हटलं, सुरक्षेसाठी.

युद्ध थांबलं. पण दादा, सगळंच थांबलंय रे.

आई भांडी धुते, जाळीवर घालते आणि खुर्चीत जाऊन बसते. पर्स पुन्हा मांडीवर आली. हे दुकानातून उशिरा येतात, कोरडा पेला उचलतात, पाणी पितात, ठेवतात. पुन्हा या, बसा, घ्या, पुरे सुरू झालं. आई निम्मं जेवते. काल म्हणाली की महिनाअखेर कशाला, पुढच्या रविवारीच निघते, तुमची सोय झाली आता. कसली सोय? मी विचारलं तर म्हणाली, काही नाही.

माझं काय चुकलं तेच कळत नाही. घरात एवढी शांतता झाली आणि मला रडू येतंय. तूच तिला चार शब्द लिही. तुझं ऐकेल.

ह्या वेळी विनोद सुचत नाहीत. एवढी माया असू दे.

तुझी,
चिमी

*

११ मार्च

ती. दादांस,
कृतानेक सा. न. वि. वि.

मी आपणांस प्रथमच पत्र लिहीत आहे. चष्म्याची डावी काच आता ठीक असेल अशी आशा आहे.

एक विनंती आहे, आणि ती कशी करावी हे समजत नाही. आपली जाळी मी आज भिंतीवरून काढली. कामात खोट मुळीच नाही. बोल्ट निघता निघेनात, गॅरेजमधून मोठा पाना मागून आणावा लागला. एका शेजाऱ्याला हाताशी घेऊन ती गच्चीवर ठेवली आहे.

कारण सांगतो. मला लोकांशी बोलता येत नाही. काय बोलावं ते घरी पोचल्यावर आठवतं. पण काच पुसावी की पालथी घालावी ह्या विषयावर सासूबाईंशी मला बोलता येत होतं. त्या माझं ऐकून घेत नव्हत्या आणि मी त्यांचं ऐकत नव्हतो, तरी आम्ही रोज तासभर बोलत होतो. दुपारपासून मी मनात मुद्दे जुळवत असे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काच धरताना मला हसू येई. जाळी आली आणि मला घरी येऊन बोलायला काही उरलं नाही. सासूबाईंचंही तसंच झालं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतं. चेहरा वाचण्यात मी कच्चा आहे, पण त्यांचा वाचता येतो.

जाळी का काढली, असं त्यांनी विचारलं. मी घाबरून म्हणालो की सांधा कच्चा आहे, दादांना कळवलंय, दुरुस्त करायला वेळ लागेल. आपल्या कामाबद्दल मी असं बोललो, त्याची लाज वाटते. तरी त्या आपणांस विचारतील तेव्हा सांधा कच्चा आहे असंच लिहावं. रविवारच्या आत लिहिलंत तर उपकार होतील. चिमीला यातलं काही सांगितलेलं नाही, तिला खोटं बोलता येत नाही.

मोठेपणाने सांभाळून घ्यावं.

आपला,
धाकटा मेहुणा

*

१४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारायच्या आधीच लिहितो. जाळीचा सांधा कच्चा राहिला. कोणता ते आठवत नाही. बहुधा मागचा. किंवा दोन असतील. होतं असं कधीकधी. माझ्या हातून सहसा होत नाही, कधीच होत नाही खरं तर, पण झालं. लोखंडच वाईट आलं होतं. तर ती वापरू नका, अंगावर पडेल. मी सवडीने येऊन बघेन, पण सध्या शाळेच्या गेटाचं काम आहे, ते मोठं आहे.

तोवर भांडी पुसावी लागतील. किंवा पालथी घाला. तुमचं तुम्ही बघा.

प्रकृती सांभाळ. तुझे आशीर्वाद पाठीशी आहेत, म्हणून चाललंय.

तुझा,
दादा

*

२० मार्च

चि. दादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. लहानपणी बरणीतला गूळ संपवून, मुंग्यांनी नेला असं सांगायचास, त्याच सुरात लिहिलं आहेस. सोबत्याला सावरायचं असेल तर एकच कारण द्यावं रे. लोखंड वाईट, सांधा मागचा, सांधे दोन. तुझे बाबा असते तर पोट धरून हसले असते.

पत्र वाचून मी गच्चीवर गेले. भिंग बरोबर नेलं होतं. एकेक सांधा पाहिला. असं काम मी कुणाचं पाहिलेलं नाही. तुझी पाठ थोपटावी असं वाटलं, आणि तू तिथे बसून ते कच्चं आहे असं लिहितोस, माझ्यासाठी. जिन्यावर बसून मी जरा डोळे पुसले. ते पुसायला मात्र माझी हरकत नाही.

जावईबापूंना मी काही बोलले नाही. त्यांना खोटं तुझ्याहूनही वाईट जमतं, सांगताना कान लाल होतात. चिमीलाही सांगू नकोस. आम्ही भांडू नये म्हणून ती गरीब बिचारी जिवाचा आटापिटा करते.

तुला एक सांगते. तुझे बाबा गेल्यापासून माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं. सगळे जपून बोलायचे. मी म्हणेन ते बरोबर, मी म्हणेन तसं. तूही, चिमीही, शेजारीपाजारीही. मी दिवसाला रात्र म्हटलं असतं तरी, हो आई, रात्रच आहे, म्हणाला असतात. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यालाही कुणी जितं धरत नाही, असं वाटायला लागलं होतं. ह्या मुलाने पहिल्यांदा माझ्या तोंडावर सांगितलं की तुमचं चुकतंय. बरं वाटलं रे. घरी आल्यासारखं वाटलं.

रविवारी मी निघायचं म्हणत होते. शनिवारी संध्याकाळी भांडी धुवायला उभी राहिले तर तो फडकं घेऊन शेजारी आला. एक पेला पुसून उजेडात धरला, दुसरा उचलला. मग माझ्याकडे न बघता, पेला पुसत पुसत म्हणाला की आई, तुम्ही गेलात तर मी दिवसभर मुद्दे कुणासाठी जुळवू? मी म्हटलं, आधी तो पेला नीट धर, बोटांचे ठसे उमटतायत. तो म्हणाला, ठसे नाहीत, तुमच्या पाण्याचा डाग आहे. तिथून जे सुरू झालं ते जेवणापर्यंत चाललं. चिमी दारात उभी राहून आलटून पालटून आमच्याकडे बघत होती. रविवार आला तसा गेला.

त्याचं म्हणणं अजूनही चूकच आहे. पण पटवायला वेळ लागेल, पोरगा हट्टी आहे.

तेव्हा घरमालकांना सांग, मार्चअखेर माझ्या खोल्या सोडते. सामान तू येऊन बांध, पलंग इथे पाठव. शाळेचं गेट आधी पुरं कर. जाळीच्या दुरुस्तीची अजिबात घाई नाही. मी इथेच आहे.

सुखी राहा, आणि कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये.

तुझी,
आई